पेंढ्याच्या गंजीची खूण

आमच्या घरमालकांच्या न्हाणीतल्या तांब्याला एक सुकलेला भोपळा बांधलेला असायचा. लग्न होऊन मी भोरात आले, दुसऱ्या दिवशी अंघोळीला बसले, तांब्या उचलला, तर त्याच्यामागून दोन हात दोरी आणि दोरीच्या टोकाला तो गरगरीत भोपळा घरंगळत आला. मी पासलीची, डोंगरातली पोर. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय. लुगडं सावरत बाहेर पळाले. घरमालकीण, म्हणजे चाची, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भिऊ नगंस. तांब्या हौदात पडला तरी भोपळा वर ऱ्हातो, म्हून बांधलाय. आमच्या ह्यांचं खूळ हाय. मला बी बांधणार हुते."

ते खूळवाले म्हणजे आमचे चाचा. नाव काही लिहीत नाही. भोरातली जुनी माणसं ओळखतील, आणि बाकीच्यांना नाव कळून तरी काय करायचंय. सगळी आळी त्यांना चाचाच म्हणायची, हिंदू काय, मुसलमान काय, अगदी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले शिंपीसुद्धा. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि चाचांच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडं भाड्यानं होत्या.

चाचा बुटके, पायात बाक, आणि चालताना दोन्ही पाय असे फाकवून टाकायचे की बघणाऱ्याला वाटावं, रस्ताच हलतोय. बावीस वर्षं बोटीवर काढलेली. भोरचा माणूस बोटीवर कसा, तर मामा मुंबईच्या गोदीत होता, त्यानं नेला. त्यातली शेवटची बरीच वर्षं ते शास्त्रज्ञांच्या बोटीवर होते. ही बोट माल वाहायची नाही की माणसं. समुद्राच्या पोटात काय चाललंय ते बघत हिंडायची.

त्यांचं काम मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, मी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारून. म्हणजे असं बघा. समुद्राच्या तळाला एक भलंमोठं वजन. त्यांच्या बोटीवर रेल्वेची मोडीत निघालेली चाकं असायची. त्या वजनाला तार. तारेच्या वरच्या टोकाला पोकळ लोखंडी गोळा, म्हणजे फुगा, तो तार ताणून उभी धरतो. आणि मधे मधे तारेला पेट्या अडकवलेल्या, पेट्यांत यंत्रं. पाणी किती गार, किती वाहतंय, ते यंत्र आपलं आपण लिहीत बसतं. एवढं सगळं समुद्रात सोडून बोट निघून जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत येऊन तेच शोधून वर काढते. चाचा त्याला खांब म्हणायचे. खांब रोवला, खांब उपटला. रोवायला काय, कुणीही रोवेल, उपटून आणला तर तो गडी, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आणि आपण रोवलेला एकही खांब दर्यात राहिला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. पोस्टमनला तर रोज.

खांब रोवायचा तर आधी फुगा पाण्यात सोडायचा, मग तार, आणि वजन सगळ्यात शेवटी. वजन आधी सुटलं तर ते बाकी सगळं फरफटत घेऊन जातं. हा नियम चाचांनी घरातही आणला होता. कुठलीही बातमी सांगायची तर हलकं हलकं आधी. एकदा चाचीचा भाऊ कापूरहोळच्या फाट्यावर सायकलवरून पडला. चाचा त्याला बघून आले आणि ओसरीवर बसून सांगायला लागले. एसटी वेळेवर आली. खिडकीची जागा मिळाली. फाट्यावरचा चहा बरा होता, आलं घातलेला. गॅरेजवाल्यानं ट्रकचं चाक खोलून रस्त्यातच ठेवलं होतं. चाची भाकरी परतत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वजन काय हाय ते टाका आता." तेव्हा कुठं चाचांनी पाय मोडल्याचं सांगितलं, आणि वर म्हणाले, बघ, कशी शांत ऐकलीस.

हातवारे हा आणखी एक प्रकार. बोटीवर यंत्राचा एवढा गोंगाट की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातानं. हाताचं बोट वर करून गोल फिरवलं की ओढा. तळवा खाली दाबला की सोडा. मूठ वळली की आहे तिथं थांबा. मागच्या आडावर आम्ही बाया पाणी शेंदायला गेलो की चाचा कठड्याशी उभे राहून बोट फिरवायचे, जसं काही आमची घागर त्यांच्या हुकमानं वर येणार आहे. आम्हीही मग तसंच करायला लागलो. चाचींनी त्यातली एकच खूण उचलली होती, मूठ. चाचा बोलायला लागले आणि थांबेनात की चाची नुसती मूठ वर करायच्या. चाचा खरंच थांबायचे. नवऱ्याला गप्प करायचा एवढा सोपा उपाय मी पुढं कुठं बघितला नाही. मी आमच्या ह्यांच्यावर करून बघितला, तर हे म्हणाले, हाताला काय झालंय.

पण चाचांचं खरं वेड म्हणजे दोरीचं वेटोळं. जमिनीवर दोरी गोल पडलेली असली आणि तिच्यात कुणाचा पाय दिसला की हा माणूस ओरडत सुटायचा. धुणं वाळत घालायची दोरी सोडवताना मी तीनदा बोलणी खाल्ली. आणि अशात शेजारच्या कासारांच्या मुलीचं लग्न निघालं. चाचा पुढच्या रांगेत, डोक्याला अत्तर लावून. आपल्याकडं नवरा-नवरीला मधे बसवून चार तांबे मांडतात आणि भोवती सूत गुंडाळतात, ते चाचांनी बहुतेक कधी जवळून बघितलं नसावं, कारण ऐन लग्नसराईत ते कायम पाण्यावर. एक वेढा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याला चाचा उठून गरजले, "पाय भाईर काढ!" नवरा मुलगा शिरवळचा, बिचारा आधीच घाबरलेला. त्यानं जी उडी मारली ती सूत, तांबे, मुंडावळ्या सगळं घेऊन भटजींच्या मांडीवर. नवरी एवढी हसली, एवढी हसली की तिच्या आईला वाटलं पोरीला काही झालं. चाचींनी चाचांना बाहीला धरून बाहेर नेलं. पुढं कितीतरी वर्षं त्या जावयाला कासारांच्या घरात 'पाय भाईर' म्हणूनच ओळखायचे.

दोन दिवसांनी चाचांनी मला हळूच सांगितलं, की तार सुटताना वेटोळ्यात पाय राहिलेला एक जोडीदार त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. तेव्हापासून मी दोरी बघून पाऊल टाकते, आजतागायत.

आता मी ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आमच्या शेजारची पुढची खोली रिकामी होती, तिथं एक दिवस पुण्याची एक मुलगी आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, पण शिकलेली, म्हणून मी ताई म्हणायला लागले आणि ती मला वहिनी. दोन वेण्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हमालाच्या डोक्यावर एक निळी लोखंडी पेटी, गोल, दोन्हीकडून नट आवळलेली. चाचा ओसरीवर दाढी विंचरत होते. ती पेटी बघून कंगवा हातातच राहिला. उठून गेले, पेटीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, "ही हितं कशी आली?"

ताई समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका ऑफिसात होती. पाणी किती ऊन, किती गार ते लिहून ठेवणारं हे यंत्र तिनं स्वतः जुळवलं होतं. समुद्रावर न्यायच्या आधी ते खोल गोड्या पाण्यात ठेवून बघायचं, म्हणून ती भाटघर धरणावर आली होती. चार महिन्यांनी मोठी सफर निघणार होती, आणि तोवर त्यांच्या बोटीवर बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. साहेबांनी तिला लिहून दिलं होतं, की यंत्र तीन महिने पाण्यात ठेवा, आतल्या नोंदीसकट परत आणा, मग सफरीत तुमची जागा. नाही आणलं तर दुसऱ्या एका गृहस्थांचं नाव तयार आहे. ते गृहस्थ टांग्यात बसले तरी ओकतात, असं ताई म्हणाली.

चाचांना हे कळलं आणि घरात दिवाळी झाली. बाजारातून दोर, कड्या, नट. ताईनं हिरवा नायलॉनचा दोर आणलाच होता. तेव्हा आमच्याकडं तसला दोर कुणी बघितलाही नव्हता. वजनाला माझ्या सासूबाईंचं फुटकं जातं गेलं. फुगा म्हणून रंगवलेला पत्र्याचा डबा, कथलानं डाक लावून बंद केलेला. आणि ताई एकटी मुलगी, दोन पुरुषांबरोबर होडीत नको, म्हणून चाचांनी माझी वर्णी लावली. चाची म्हणाल्या, बुडाली तर भोपळा लावून पाठवा.

मार्गशीर्षातला दिवस होता. धरण काठोकाठ. ज्या गावाशी आम्ही होडी घेतली तिथं काठावर देऊळ, मागं सावरीचं मोठं झाड, आणि पलीकडच्या बाजूला उतारावर एका म्हातारीची पेंढ्याची गंजी, नुकती रचलेली, ताजी, सोन्यासारखी पिवळी. नदीच्या जुन्या पात्रावर, जिथं सगळ्यात खोल, तिथं चाचांनी फुगा सोडला, दोर सोडला, पेटी सोडली. पेटीला तिचा स्वतःचा एक छोटा डबा होता, तिला चिखलाच्या वर धरायला. मग आम्हां सगळ्यांचे पाय तपासले आणि शेवटी जातं. ते जाताना त्यांनी काय म्हटलं मला कळलं नाही, पण सासूबाईंच्या जात्याला एवढ्या मानानं कुणी निरोप दिला नसेल.

मग खुणा. चाचांची रीत अशी: काठावरची एक वस्तू आणि तिच्यामागची दुसरी, दोन्ही एका रेषेत दिसतात का बघायचं. अशा दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आपला खांब. चाचांना लिहिता येत नव्हतं. ताई आपल्या वहीत पेटीची वेळ टिपत होती. मला नुकतं लिहिता येत होतं, वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून जुळवून शिकलेलं. मी लिहिलं: देवळाचा कळस आणि सावर. दुसरी ओळ: गंजीचं टोक आणि मागच्या डोंगरातली खिंड.

इथं मला एक कबूल करायचंय. दुसरी ओळ लिहिताना माझा हात थांबला होता. मी भातवाल्यांच्या घरची. गंजी किती दिवस राहते हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, बावीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, शेजारी शिकलेली ताई, आणि मी कोण मधे बोलणारी. लिहून टाकलं. अक्षर मात्र छान आलं होतं.

ताई पुण्याला गेली आणि फाल्गुनात परत आली, बुधवारी. शनिवारी पेटी घेऊन ऑफिसात हजर व्हायचं होतं. मला तेव्हा सहावा महिना, म्हणून चाचींनी होडीत बसायला बंदी केली. मी देवळाशी बसून राहिले. चाचा, ताई आणि होडीवाला पाण्यावर गेले, हिंडले, पुन्हा हिंडले आणि परत आले. फुगा नव्हता. रंगवलेला डबा नाही की हिरवा दोर नाही. ताईचं तोंड उतरलं. चाचा म्हणाले, फुगा नसला म्हणून काय झालं, खुणा आहेत ना, गळ टाकून काढू. कळस आणि सावर धरून एक रेषा मिळाली. दुसरीसाठी त्यांनी उताराकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"पोरी, गंजी कुठं गेली?"

"बैलांनी खाल्ली," मी म्हटलं.

"खाल्ली?" चाचा म्हणाले. "खूण खाल्ली?"

मी सांगितलं, की चाचा, माघात गंज्या संपायलाच येतात, आणि मला हे लिहिताना ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. चाचा देवळाच्या पायरीवर खाली बसले. म्हणाले, दीपगृह बघून खांब रोवले, बेटं बघून रोवले, दर्यात कुणाच्या बैलानं आजवर दीपगृह खाल्लं नव्हतं. हे ते एवढ्या गंभीरपणे म्हणाले की ताईला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. मग होडीवाला हसला, मग मी, आणि पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं. चाचा तेवढे हसले नाहीत.

त्या दिवशी एकाच रेषेवर काठापासून काठापर्यंत गळ ओढला. गळ म्हणजे चाचांनी आधीच कापूरहोळच्या गॅरेजात ट्रकच्या जुन्या सळया वाकवून केलेले चार आकडे. मिळालं काय, तर बाभळीचं खोड, चिखल, आणि एक चप्पल, डाव्या पायाची. संध्याकाळी चाचा न जेवता झोपले. पोस्टमनला त्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नव्हतं, असं चाची म्हणाल्या.

सकाळच्या एसटीत मी चाचांच्या मागं बसले होते. रात्रभर तेच डोक्यात. आणि एकदम सुचलं ते मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "चाचा, बैलांनी गंजी खाल्ली. जागा न्हाई खाल्ली."

चाचा वळले. मी सांगितलं, की गंजी जिथं बसते तिथलं गवत तीन महिने ऊन बघत नाही, पिवळं पडतं. खाली उंदरांची बिळं असतात, कडेनं दगड असतात. आमच्या पासलीत गंजी उठली तरी पुढच्या पावसापर्यंत तिचा गोल दिसतो. चाचांनी कंडक्टरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं, जसा काही तो त्यांच्या बोटीवरचा तांडेल, नाव हाकणारा, होता.

पलीकडच्या काठाशी उतरून म्हातारीच्या अंगणात शिरलो आणि आधी काय दिसलं तर एक वासरू, हिरव्या नायलॉनच्या दोरानं बांधलेलं. शेजारी आमचा रंगवलेला डबा, त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. ताईनं तोंडावर हात ठेवला. म्हातारी मुळीच लाजली नाही. म्हणाली, "होडीतनं येताना दिसलं, पान्यात तरंगत हुतं. म्या हाक मारली, कुनाचं हाय म्हून. कुनी ओ दिली न्हाई. विळा हुता हातात."

चाचा काहीतरी बोलणार होते, मी मूठ वर केली. थांबले. मग मी म्हातारीला आजी म्हणून जवळ घेतलं आणि काय झालंय ते सांगितलं. ही पोर समुद्रावर जायची आहे, पहिली बाई, आणि त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या दोराखाली होती. म्हातारीनं ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बोटीवर ही एकटी, बाकी सगळे बाप्ये का, असं विचारलं. ताई हो म्हणाली. म्हातारी म्हणाली, मग चला, आणि आमच्याही पुढं चालायला लागली.

पिवळा गोल होता. उंदरांच्या बिळांसकट. पण पाण्यावरून पिवळं गवत कसं दिसणार? तिथं गंजीएवढं काहीतरी उभं पाहिजे. मग मीच उभी राहिले. म्हातारीनं एक पाटी पालथी घातली, मी तिच्यावर चढले, डोक्यावरून तिची लाल ठिगळांची गोधडी पांघरली आणि एक काठी आतून उंच धरली, टोक यावं म्हणून. चाचांनी लांब जाऊन बघितलं आणि म्हणाले, झकास, आकार बी बराबर हाय. आज हे लिहितानाही मला तो राग येतो आणि हसूही येतं.

चाचा आणि ताईला घेऊन होडी पाण्यावर गेली. मी गोधडीत. उकडायला लागलं. गोधडीच्या एका भोकातून तेवढं दिसत होतं. म्हातारी माझ्याभोवती फिरून मला तपासत होती, तिच्या मनाला येईना. शेवटी म्हणाली, "सरळ नगं. म्या रचलेली गंजी उगवतीकडं कलली हुती. कल."

मी कलले.

"अजून."

अजून कलले. पोट एकीकडं, काठी एकीकडं, पाटी करकर वाजायला लागली. म्हातारीनं मला मागून धरलं. तेवढ्यात ते वासरू खुंटा उपटून आलं, हिरव्या दोरासकट, आणि माझी गोधडी चघळायला लागलं. गंजीच समजलं बिचारं. म्हातारी एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं वासराला हाकलत होती आणि दोघांनाही सारख्याच शिव्या देत होती. मी हसायला लागले, आणि पाटीवर उभ्या असलेल्या बाईनं हसू नये, हे मला तिथं कळलं. काठी अशी डुलत होती की पाण्यावर चाचांना वाटलं असेल, खिंडच हलतेय.

तिकडं होडी सावकाश पुढं मागं होत होती. चाचा उभे, बाकदार पाय रोवून, पाण्यावर अगदी सरळ, जे जमिनीवर कधी नसायचे. मूठ वर गेली. होडी थांबली. तळवा खाली दबला, गळ सुटला. ताईनं मला नंतर सांगितलं, की चाचा दोरावर नुसतं एक बोट टेकवून डोळे मिटून बसले होते आणि बोलत होते. चिखल. चिखल. दगूड. चिखल. मग बराच वेळ काहीच नाही. एकदा लागलं, सुटलं. परत फिरवली होडी. माझे हात गळून गेले होते. काठावरून मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त एवढं दिसलं, की चाचांचा हात वर गेला आणि एक बोट गोल फिरायला लागलं.

मी काठी टाकणार, तर म्हातारी म्हणाली, हलू नगंस, अजून हाती आल्यालं न्हाई. म्हणून मी तशीच कललेली, आणि भोकातून बघितलं: आधी छोटा डबा आला, मग चिखलानं माखलेली निळी पेटी. ताईनं ती होडीत ओढली आणि अंगाशी धरली, साडीला चिखल लागतोय याची शुद्ध नाही.

काठावर आणल्यावर चाचांनी सगळ्यांना गप्प केलं आणि पेटीला कान लावला. मग ताईनं. मग मी. आत बारीक टिकटिक चालू होती. म्हातारीनंही कान लावला आणि निकाल दिला, "जित्ती हाय."

ताईनं तिथंच गवतावर नट सोडवायला घेतले. पहिलाच नट हलेना, तेव्हा चाचांनी पाना घेतला. शेवटचा नट सुटला आणि ते उठून लांब जायला लागले. ताई म्हणाली, चाचा, कुठं निघालात? चाचा म्हणाले, पेटी साहेबांच्या ताब्यात दिली की आपलं काम संपलं, आत नेऊन ते काय बघायचं ते बघतात. आणि मग बोलता बोलता असं कळलं, की एवढ्या वर्षांत, एवढे खांब रोवून आणि उपटून, चाचांनी पेटीच्या आत काय असतं ते कधी बघितलंच नव्हतं. कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

ताईनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. आतून कागदाची गुंडाळी काढली. कोरडी ठणठणीत. तिच्यावर शाईची एक बारीक रेघ, किंचित वरखाली होत गेलेली, तीन महिन्यांची. ताई बोटानं दाखवत गेली: इथं पाणी गार झालं, ही थंडीची लाट, इथून ऊन तापायला लागलं. चाचा नुसते हुंकार देत होते. मग त्यांनी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तिथं रेघ उंचावरून एकदम कड्यासारखी खाली पडली होती. विचारलं, हे काय?

"ही तुम्ही पेटी पाण्यात सोडली ती घटका," ताई म्हणाली. "बाहेरच्या उन्हातून थंड पाण्यात गेली ना. आणि हे शेवटचं, सरळ वर चढलेलं, हे आत्ताचं. तुम्ही वर काढली ते."

"दर कागदावर असतं?"

"दर कागदावर. आम्ही तेवढी टोकं कात्रीनं कापून टाकतो. पाण्याचं काही सांगत नाहीत ती."

चाचांनी त्या दोन टोकांवरून एकेकदा बोट फिरवलं. आणि मग हसायला लागले. आधी खांदे हलले, मग दाढी, मग गवतावर आडवेच झाले. "मला कापून टाकत हुते की गं," म्हणाले. "येवढी वर्सं, मलाच कापून टाकत हुते." ताईला वाटलं त्यांना वाईट वाटलं, तिनं पिशवीतून कात्री काढली, टोकं कापून त्यांना द्यायला. चाचा हसता हसता उठून बसले आणि तिचा हात धरला. म्हणाले, "कापू नगंस. तसंच ने. साहेबांना म्हनावं, ह्यो सोडनारा आन् ह्यो काढनारा."

शनिवारी ताईनं तो कागद तसाच नेला. पुढच्या महिन्यात बोट निघाली आणि तिच्यावर ताई होती. टांग्यात ओकणारे गृहस्थ ऑफिसातच राहिले, त्यांनाही बहुतेक सुटल्यासारखं झालं असणार.

माझी मुलगी महिन्याची झाली तेव्हा ताईचं पत्र आलं, कुठल्याशा बंदरातून टाकलेलं. पत्ता चाचांचा. पोस्टमनला ओसरीवर बसवून घेतलं, चाची चुलीवरचं उतरवून आल्या, आणि मी मुलीला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचलं. पाणी निळंभोर आहे. माशांचा कंटाळा आलाय. पाच खांब रोवले, चार उपटून झाले, पाचव्याकडं निघालोय. खलाशी तिला आधी डेकवर उभं राहू देत नव्हते, आता दोराला हात लावू देतात. आणि खाली एक ओळ होती: कागदांचं काम माझ्याकडे दिलंय, कात्री माझ्याकडे असते, मी टोकं कापत नाही.

चाचा म्हणाले, परत वाच. मी सगळं पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. ते म्हणाले, सगळं नको, तेवढंच. मी तेवढंच वाचलं. मग चाचांनी पोस्टमनकडं वळून त्याला विचारलं, नीट ऐकलंस का, आणि तो हो म्हणाला तरी माझ्याकडं बघून म्हणाले, त्याला ऐकू आलेलं न्हाई, परत वाच.